निवळ पाणी आणि निर्मळ पाणी



अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्यांत दौंड-मनमाड लोहमार्गावर पुणतांबा हें गांव आहे. गोदावरीच्या तीरावर तें वसलेलें असून चांगदेवांच्या समाधीमुळें तें भाविकांस ठाऊक आहे, आणि शिर्डीचा फांटा येथूनच फुटत असल्यामुळें प्रवाशांसही ठाऊक आहे. १ जून २०१७ रोजीं सुरू झालेल्या शेतकऱ्यांच्या संपाची हांक याच गांवांतून निघाली, तेव्हां वृत्तपत्रें वाचणाऱ्या सर्वांसच त्याचें नांव माहीत झालें. मला आज त्याची आठवण होते ती मात्र निराळ्या कारणानें. नदी, कालवा, विहीर, दूध आणि ऊंस या पांच गोष्टी ज्या मुलखांत हाकेच्या अंतरावर नांदतात, त्या मुलखाहून माझ्या विषयाला सोयीची जागा सांपडणें कठीण. माझा विषय आहे मिश्रणांतील कणांचा लहानमोठेपणा, आणि त्यामुळें तें मिश्रण आपल्या डोळ्यांस कसें दिसतें हा.

मराठींत पाण्याला लावावयाचीं दोन जवळजवळचीं विशेषणें आहेत: निवळ आणि निर्मळ. बोलतांना आपण तीं सहज एकाच अर्थानें वापरतों. पण ज्यांतला गाळ खालीं बसला आहे तें पाणी निवळ, आणि ज्यांत मळच नाहीं तें निर्मळ. पहिलें डोळ्यांस दिसतें. दुसऱ्याचा निर्णय डोळ्यांवर सोंपविला तर काय होतें, हें आपण आज पाहूं.

आषाढ-श्रावणांत गोदावरीला पूर येतो तो वरच्या अंगाची सारी माती घेऊन येतो. त्या पाण्याची घागर भरून रात्रभर ठेवली तर सकाळीं तळाशीं बोटभर गाळ बसलेला आढळतो. पण वरचें पाणी कांहीं स्वच्छ होत नाहीं. तें धुरकट, मातकट असें राहतें, आणि आणखी आठ दिवस घागर हलविली नाहीं तरी त्याचा धुरकटपणा जात नाहीं. हें झालें दुसरें पाणी. तिसरें पाणी कालव्याखालच्या एखाद्या मळ्यांतल्या विहिरीचें. त्यांत डोकावलें तर आंतली कपार न् कपार दिसावी इतकें तें नितळ असतें. मात्र ओंजळभर तोंडांत घेतलें कीं मचूळ लागतें. एकाच शिवारांतलीं हीं तीन पाणीं. तिन्हींत परकी वस्तु मिसळलेली आहे. परंतु ती किती मिसळली आहे यापेक्षां तिचे कण केवढे आहेत, यावरच आपल्याला काय दिसावें हें अवलंबून आहे. पहिल्या मिश्रणाला रसायनशास्त्रांत निलंबन म्हणतात, दुसऱ्याला कलिल आणि तिसऱ्याला द्रावण.

कणांचें माप सांगावयाचें तर मिलिमीटरही फार मोठा पडतो. चांगल्या उजेडांत निरोगी डोळ्याला मिलिमीटरच्या सुमारें दहाव्या भागाएवढी वस्तु जेमतेम वेगळी ओळखतां येते. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे मायक्रोमीटर, आणि त्याचाही हजारावा भाग म्हणजे नॅनोमीटर. कण एका नॅनोमीटरहून लहान असले, किंवा फार तर तेवढे असले, तर द्रावण होतें. एकापासून सुमारें हजार नॅनोमीटरपर्यंत कलिल. आणि त्यापुढें निलंबन. या सीमा निसर्गानें आंखलेल्या नाहींत, आपण आंखल्या आहेत, हें ध्यानांत ठेवावें. दुधांतील लोण्याचे गोळे या सीमेच्या दोन्ही बाजूंस सांपडतात, आणि त्यांचें कोठें अडत नाहीं.

नुसत्या आंकड्यांनीं चित्र उभें राहत नाहीं म्हणून एक कल्पना करूं. साखरेचा एक रेणु, जो सुमारें एक नॅनोमीटरचा आहे, तो फुगवून ज्वारीच्या दाण्याएवढा केला असें समजा. त्याच प्रमाणांत बाकीचें जग फुगविलें तर काळ्या मातीचा बारीक कण एखाद्या मोठ्या रांजणाएवढा होईल. पटकीचा जंतु बैलगाडीहून लांब भरेल. दुधांतील लोण्याचा सरासरी गोळा वाड्याएवढा होईल, आणि नदीच्या वाळूचा साधा कण पाऊण कोस दूरवर पसरलेल्या टेकडीएवढा. आपला डोळा त्या टेकडीला पाहतो. रांजण, गाडी आणि दाणा हीं तिन्हीं त्याला सुटीं कधींच दिसत नाहींत.

हा विचार आपल्याकडे नवा नाहीं. गवाक्षांतून आलेल्या सूर्यकिरणांत जो सूक्ष्म रज तरंगतांना दिसतो त्याला मनुस्मृतींत त्रसरेणु म्हटलें आहे, आणि वजनांच्या मापांत तो पहिला धरला आहे. वैशेषिकांनीं तर जो कण दिसूं लागतो तो त्र्यणुक, आणि त्याहून लहान तें अदृश्य, अशी पायरीच कल्पिली. दिसण्याची खालची मर्यादा हेंच एक माप आहे, ही कल्पना मला फार मार्मिक वाटते. मात्र त्या प्राचीनांच्या अणूची आजच्या अणूशीं सांगड घालण्याचा उत्साह कोणी दाखवूं नये. त्यांनीं तर्कानें सांगितलें, मोजून नव्हे.

आतां घागरीकडे वळूं. गाळ बसतो तो जडपणामुळें, आणि बसतांना पाण्याच्या अंगीं असलेल्या चिकटपणाशीं त्याला झगडावें लागतें. या झगड्याचा हिशोब स्टोक्स या गणितज्ञानें एकोणिसाव्या शतकांत मांडला. कणाचा व्यास निम्मा केला तर त्याचा बसण्याचा वेग निम्मा होत नाहीं, चौथाई होतो. दहावा हिस्सा केला तर वेग शंभरावा हिस्सा होतो. फूटभर उंचीच्या भांड्यांत वीस मायक्रोमीटरचा मातीचा कण पाव तासाच्या आंत तळ गांठतो. दोन मायक्रोमीटरच्या कणाला जवळजवळ एक पूर्ण दिवस लागतो. आणि दोन दशांश मायक्रोमीटरच्या कणाला, पाणी अगदीं स्तब्ध राहिलें असें धरलें तरी, तीन महिन्यांहून अधिक! पाणी इतका काळ स्तब्ध राहतच नाहीं. उन्हानें तें एका अंगानें तापतें, थंडीनें निवतें, आणि आंतल्या आंत फिरत राहतें. शिवाय पाण्याचे रेणु या बारक्या कणांस चोहोंकडून सारखे धक्के देत असतात. ही धडपड रॉबर्ट ब्राउन या वनस्पतिशास्त्रज्ञानें १८२७ सालीं सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिली आणि तिचें गणित आइन्स्टाइन यांनीं १९०५ सालीं सोडविलें. काळ्या जमिनीची माती जगांतल्या अत्यंत बारीक मातींपैकीं आहे, म्हणूनच दख्खनचें पुराचें पाणी इतकें हट्टी. मायकेल फॅरडे यांनीं १८५० नंतरच्या दशकांत सोन्याचे असेच सूक्ष्म कण पाण्यांत तरंगते ठेवून माणकासारखा लाल द्रव तयार केला होता. त्याच्या कांहीं कुप्या लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें अद्याप जपून ठेवल्या आहेत, आणि सोन्यासारखा जड धातु असूनही तो तळाशीं बसलेला नाहीं.

पण जो कण दिसत नाहीं त्याच्यामुळें पाणी धुरकट तरी कां दिसावें? येथें प्रकाशाचें काम सुरू होतें. डोळ्याला सुटा कण दिसत नसला तरी कण प्रकाशाला वाटेवरून ढकलतो, आणि असा चोहोंकडे विखुरलेला प्रकाश डोळ्याला पोंचतो. दृश्य प्रकाशाच्या लाटेची लांबी सुमारें चारशें ते सातशें नॅनोमीटर. त्या लाटेच्या मापाशीं ज्याचें माप जुळण्याजोगें आहे तो कण तिला जोरानें विखुरतो. साखरेचा किंवा मिठाचा कण तिच्यापुढें इतका क्षुद्र कीं ती त्याची दखल जवळजवळ घेतच नाहीं. जॉन टिंडल यांनीं १८६० नंतरच्या दशकांत या विखुरण्याचा कसून अभ्यास केला, आणि हा परिणाम आजही त्यांच्या नांवानें ओळखला जातो.

हा प्रयोग घरीं करण्याजोगा आहे. कांचेचे तीन पेले पाण्यानें भरावे. एकांत चमचाभर साखर चांगली विरघळवावी, दुसऱ्यांत दुधाचे चार-पांच थेंब टाकावे, तिसऱ्यांत चिमूटभर माती ढवळावी. खोलींत अंधार करून विजेच्या बॅटरीचा बारीक झोत एकेका पेल्यांतून सोडावा आणि बाजूनें पाहावें. साखरेच्या पाण्यांत झोताची वाट दिसणार नाहीं. मातीच्या पाण्यांत कणांची गर्दी आणि त्यांचें खालीं जाणें दिसेल. दुधाच्या पेल्यांत मात्र झोताचा एक सलग, फिकट निळसर पट्टा उभा राहील, आणि समोरून बॅटरीकडे पाहिलें तर तोच प्रकाश पिंवळट-नारिंगी वाटेल. लहान कण निळा प्रकाश अधिक विखुरतात आणि तांबडा पुढें जाऊं देतात. आकाश निळें आणि मावळता सूर्य तांबडा दिसतो त्यामागेंही हेंच तत्त्व आहे. मुलांना हा खेळ फार आवडतो, आणि वडील माणसांनींही एकदां पाहण्यास हरकत नाहीं.

दुधाचें नांव निघालें तेव्हां त्याचें थोडें अधिक बोललें पाहिजे. पुणतांब्याहून सुरू झालेल्या त्या संपांत दूध रस्त्यांवर ओतलें गेलें, आणि त्या पांढऱ्या ओघळांचीं छायाचित्रें देशभर पाहिलीं गेलीं. गाईच्या दुधांत शंभरांत सत्त्याऐंशीच्या आसपास भाग पाणीच असतें. उरलेल्यांत लोणी आहे, केसीन नांवाचें प्रथिन आहे, आणि दुधाची साखर व क्षार आहेत. लोण्याचे गोळे साधारणतः तीन-चार मायक्रोमीटरचे, केसीनचे पुंजके सुमारें दीडशें नॅनोमीटरचे, आणि साखर व क्षार पूर्णपणें विरघळलेले. म्हणजे जें मिश्रण आपण एकजीव समजतों त्यांत निरनिराळ्या मापांचे कण एकत्र नांदत असतात. सारे रंग सारखेच विखुरले गेल्यामुळें दूध पांढरें दिसतें. साय आणि लोणी काढून घेतलें कीं उरलेल्या दुधावर निळसर झांक येते, कारण मागें फक्त लहान पुंजके राहतात. आणि विरघळलेली साखर? तिचा पांढरेपणाशीं कांहींच संबंध नाहीं. भेसळ करणाराला हें शास्त्र न शिकतां अवगत असतें. पाणी घातलें तर दुग्धमापकाची डिग्री उतरते. मग ती वर चढविण्यासाठीं साखर, मीठ किंवा युरिया यांपैकीं कांहीं तरी विरघळवितात, कीं जें डोळ्याला कधींही दिसणार नाहीं. संकलन केंद्रावर दुधाचा भाव त्यांतील स्निग्धांशावर आणि इतर घनपदार्थांवर ठरतो, रंगावर नव्हे, हें योग्यच आहे.

दुधांत लिंबू पिळलें तर तें नासतें, हें कोणत्याही गृहिणीस सांगावयास नको. परंतु दूध नासणें आणि गढूळ पाणी निवळणें या दोन्हींचें मूळ एकच आहे, हें तितकेंसें प्रसिद्ध नाहीं. कलिलांतील कण एकमेकांवर आदळत असूनही एकत्र येऊन जड कां होत नाहींत? कारण त्यांच्या अंगावर सारखाच विद्युद्भार असतो. मातीच्या कणावर ऋणभार, केसीनच्या पुंजक्यावरही ऋणभार; सारखे भार एकमेकांस दूर लोटतात आणि सारा जमाव एकमेकांपासून अंतर राखून तरंगत राहतो. लिंबाच्या आम्लानें केसीनचा भार नाहींसा केला कीं पुंजके एकमेकांस चिकटतात, चोथा जमतो आणि हिरवट नितळ निवळी वेगळी होते. गढूळ पाण्यांत लिंबाचें काम तुरटी करते. तुरटींतल्या ॲल्युमिनियमवर तिहेरी धनभार असतो. मिठांतल्या सोडियमवर एकेरी, चुन्यांतल्या कॅल्शियमवर दुहेरी. हा भार वाढत जातो तशी कण गोळा करण्याची शक्ति नुसती दुप्पट-तिप्पट होत नाहीं. कॅल्शियम सोडियमच्या कित्येक दसपटीनें आणि ॲल्युमिनियम कित्येक शेकडों पटीनें प्रभावी ठरतें. शुल्झ आणि हार्डी या दोघांनीं १८८० ते १९०० च्या दरम्यान हा नियम शोधिला. त्याखेरीज साध्या पाण्यांत ॲल्युमिनियमचा कापसासारखा साका धरतो आणि तो खालीं उतरतांना वाटेंतले कण आपल्याबरोबर ओढून नेतो. म्हणूनच लिटरला दहा-वीस मिलिग्रॅम तुरटीनेंसुद्धां पुष्कळदां काम भागतें. पाणी फारच गढूळ असेल तर अधिक लागते. घागरींत तुरटीचा खडा चार-दोन वेळां फिरवून लागलीच काढून घेण्याची आपल्या आज्यांची रीत होती, ती काटकसर म्हणून असेल, पण मापाला धरूनही होती.

तुरटी नव्हती तेथें निवळीचें बीं होतें. त्याला संस्कृतांत कतक म्हणतात. तें भांड्याच्या आंतल्या अंगास उगाळून वर गढूळ पाणी ओतावयाचें. सुश्रुतसंहितेंत पाणी निवळविण्याचीं जीं सात साधनें सांगितलीं आहेत त्यांत कतक पहिलें. शेवग्याच्या बियांतही हाच गुण आहे. गुऱ्हाळांत उंसाचा रस उकळतांना भेंडीचा चिकट रस घालून वर आलेली मळी काढतात, तीही याच कुळांतली युक्ति. आणि साखर कारखान्यांत चुन्याची निवळी व गंधकाचा धूर यांनीं रस निवळवितात तें तिचेंच मोठें रूप. याच जिल्ह्यांत प्रवरेच्या कांठीं लोणी येथें १९५०-५१ च्या हंगामांत सहकारी साखर कारखाना सुरू झाला, तेव्हांपासून या परिसरांत कलिलांचें रसायन मोठ्या प्रमाणावर चालत आलें आहे. रसांतील साखर द्रावणांत असते. तिला धक्का न लावतां कलिल आणि निलंबन तेवढें काढून टाकावयाचें, हें त्या साऱ्या खटाटोपाचें मर्म आहे.

आतां त्या नितळ विहिरीकडे येऊं. ज्या गोष्टीसाठीं हें सारें सांगितलें ती येथें आहे. पुराचें पाणी तुरटीनें निवळतें, तर ही विहीर कोणीं निवळविली? जमिनींतून झिरपतांना पाणी गाळलें जातें, हें एक उत्तर, आणि तें खरें आहे. परंतु कित्येकदां दुसरें उत्तरही खरें असतें. विहिरींत जे क्षार विरघळलेले आहेत, कॅल्शियमचे, मॅग्नेशियमचे, सोडियमचे, त्यांनींच मातीचे बारीक कण गोळा करून तळाशीं बसविलेले असतात. नदी समुद्राला मिळते तेथें हेंच घडतें. शेंकडों मैल तरंगत आलेली माती खाऱ्या पाण्याशीं गांठ पडतांच गोळा होऊन बसूं लागते, आणि मुखापाशीं गाळाचे थर चढत जातात. उलट पावसाचें पाणी, ज्यांत क्षार जवळजवळ नसतात, तें शेततळ्यांत आठवडेच्या आठवडे गढूळ राहूं शकतें. म्हणजे काय झालें? पाण्याचा नितळपणा हा कधीं कधीं त्याच्या खारेपणाचाच परिणाम असतो. ज्या खुणेवरून आपण पाणी चांगलें ठरवितों, ती खूण दोषानेंच उत्पन्न केलेली असूं शकते.

भारतीय मानकांत पिण्याच्या पाण्याचा गढूळपणा एक एन.टी.यू. असावा, आणि दुसरी सोय नसेल तेथें पांचपर्यंत चालेल, असें सांगितलें आहे. साधारणतः या पांचच्या आसपासच धुरकटपणा डोळ्याला जाणवूं लागतो. विरघळलेल्या एकूण क्षारांची मर्यादा लिटरला पांचशें मिलिग्रॅम, आणि निरुपायाच्या स्थितींत दोन हजार. या दोन हजारांपैकीं एकही मिलिग्रॅम दिसत नाहीं. खतांवाटें आणि सांडपाण्यावाटें उतरणारें नायट्रेट लिटरला पंचेचाळीस मिलिग्रॅमहून अधिक नसावें असा नियम आहे, कारण तान्ह्या मुलाच्या रक्ताची प्राणवायु वाहून नेण्याची शक्ति त्यानें घटते. आणि नायट्रेटला तर रंग नाहीं, वास नाहीं, त्या प्रमाणांत चवही नाहीं. मचूळ पाणी जीभ तरी ओळखते. येथें जिभेचाही इलाज चालत नाहीं. विहिरीचें किंवा कूपनलिकेचें पाणी प्रयोगशाळेकडे पाठवून तपासून घेणें, एवढाच मार्ग उरतो.

रोगजंतूंची गोष्ट याहून वेगळी आणि अधिक फसवी आहे. त्यांचें माप कलिलाच्या वरच्या सीमेजवळ, म्हणजे प्रकाश विखुरण्यास अगदीं योग्य. तरीही दूषित पाणी नितळ दिसतें, कारण त्यांची संख्या थोडी असते. एका मिलिलिटरांत जंतूंची गणती कोटीच्या घरांत गेल्याशिवाय पाणी डोळ्याला धुरकट वाटत नाहीं, आणि माणसाला आजारी पाडण्यास त्याच्या कितीतरी कमी पुरतात. लंडनमध्यें १८५४ सालीं ब्रॉड स्ट्रीटवरील ज्या हातपंपाच्या पाण्यानें पटकी पसरली असें डॉक्टर जॉन स्नो यांनीं दाखविलें, त्या पाण्याची त्या भागांत चांगली ख्याति होती. दूरच्या वस्तींत राहावयास गेलेली एक वृद्धा तें मुद्दाम मागवून पीत असे. तिचा त्यांतच अंत झाला.

याचा अर्थ गढूळपणा निरुपद्रवी असा कोणी घेऊं नये. मातीच्या कणांच्या आडोशाला जंतु लपतात आणि क्लोरीन त्यांच्यापर्यंत नीट पोंचत नाहीं. म्हणून पाणीपुरवठ्याच्या कारखान्यांत क्रम ठरलेला असतो: प्रथम संथ ठेवून निलंबन बसवावयाचें, नंतर तुरटीनें कलिल गोळा करावयाचें, नंतर वाळूच्या थरांतून गाळावयाचें आणि शेवटीं क्लोरीन द्यावयाचें. वाळूच्या थराची एक गंमत आहे. वाळूच्या दाण्यांमधल्या फटी ज्या कणांस अडवावयाचें त्यांच्या कित्येक पटींनीं मोठ्या असतात. थर चाळणीप्रमाणें अडवीत नाहीं, कण फटींतून वळणें घेतांना दाण्यांस चिकटतात म्हणून अडतात. या साऱ्या क्रमांत द्रावणाला कोठेंच अडथळा नाहीं. मीठ आणि नायट्रेट तुरटींतून, वाळूंतून आणि घरच्या उकळत्या भांड्यांतूनही सुखरूप बाहेर पडतात. उकळल्यानें पाणी आटून त्यांचें प्रमाण किंचित् वाढतेंच.

आतांपर्यंत पिण्याचें बोललों, शेताचें राहिलें. नांदूर मध्यमेश्वराच्या बंधाऱ्यापासून गोदावरीचे उजवा आणि डावा असे दोन कालवे निघतात. विसाव्या शतकाच्या आरंभीं हे कालवे झाले आणि दुष्काळी मुलखांत ऊंस उभा राहिला. त्यापूर्वीं नदीच्या पुराचा गाळ मळ्यांत चढला तर शेतकरी त्याचें स्वागत करीत असे, कारण तो गाळ सुपीक असतो. निलंबन दिसतें, आणि पुष्कळदां शेताच्या कामीं येतें. कालव्याच्या आणि विहिरीच्या पाण्यांतलें द्रावण दिसत नाहीं. त्याचा हिशोब करून पाहा. विहिरीच्या पाण्यांत लिटरला अर्धा ग्रॅम क्षार आहेत, म्हणजे तें पिण्यासही मानकांत बसतें, असें धरा. उंसाला वर्षभरांत सारें मिळून दोन मीटर खोलीचें पाणी दिलें तर एका हेक्टरावर वीस हजार घनमीटर पाणी पडतें. त्याबरोबर दहा हजार किलो, म्हणजे दहा टन क्षार शेतांत येतात. दहा टन गाळ कोणी शेतांत आणून ओतला तर गांव गोळा होईल. हे दहा टन नितळ पाण्यांतून पाटानें येतात आणि पाणी देणाराच्या हातालाही लागत नाहींत. पाणी उडून जातें, पीक पाणी पिऊन टाकतें, क्षार बहुतांशीं मागें राहतात. पाऊस आणि निचरा त्यांस खालीं धुऊन नेतील तर ठीक. कालव्याच्या झिरपण्यानें भूजल वर आलेलें असलें तर ते जाणार कोठें?

अशा जमिनींत आरंभीं उन्हाळ्यांत पांढरा फुलोरा दिसूं लागतो. तीं खारवट जमीन. पण सोडियमचें प्रमाण वाढत गेलें कीं तिची पुढची अवस्था येते, तिला शेतकरी चोपण म्हणतात. चोपण जमिनींत पावसाचें पाणी मुरत नाहीं; वर गढूळ डबकें साचतें आणि वाळलें कीं विटेसारखा कठीण पापुद्रा धरतो. हें कां होतें तें आतां श्रोत्यांस सांगावयास नको. घागरींत जें नको होतें तेंच येथें शेतांत घडलें आहे. एकेरी भाराचा सोडियम मातीच्या कणांभोंवतीं बसला. जोंवर विरघळलेले क्षार भरपूर होते तोंवर कण कसेबसे एकत्र राहिले. पावसानें ते क्षार पातळ केले आणि कण सुटे होऊन एकमेकांपासून दूर पळाले. चांगल्या जमिनींत हेच कण एकत्र येऊन खसखशीएवढे, ज्वारीएवढे रवे करतात, आणि रव्यांमधल्या पोकळींतून हवा-पाणी खेळतें. सुटे झालेले कण त्या पोकळ्या बुजवितात. जमिनीचा कस अंगांत असूनही ती मुळांना श्वास घेऊं देत नाहीं.

तिचा उपचारही घागरीच्याच तत्त्वावर आहे. तुरटी शेताला परवडणारी नाहीं, म्हणून दुहेरी भाराच्या कॅल्शियमचा आश्रय करतात. जिप्सम बारीक दळून मातींत मिसळतात. कॅल्शियम सोडियमला कणांवरून उठवून लावतो, कण पुन्हां गोळा होतात आणि पाणी मुरूं लागतें. किती जिप्सम घालावें हें माती तपासूनच ठरवावें लागतें, आणि तेवढ्यानें भागत नाहीं. उठविलेला सोडियम विरघळून पाण्याबरोबर निघून गेला पाहिजे. त्यासाठीं शेताला चर किंवा जमिनीखालून सच्छिद्र नळ्या घालाव्या लागतात, आणि हा खर्च एकट्यादुकट्यास झेपत नाहीं, कारण एकाच्या शेतांतून निघालेलें पाणी खालच्या शेताच्या बांधाशीं येऊन थांबतें. साऱ्या शिवारानें मिळून नाला खोल केला तरच तें पुढें सरकतें. त्या नाल्याचें पाणी चैत्रांत पाहिलें तर अगदीं नितळ दिसतें. तें गोदावरीला मिळतें आणि पैठणच्या नाथसागराच्या वाटेला लागतें.